तीन शाळा, तीन भाषा आणि रुग्णाची बोली

दुखण्यासाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? पोटात कळ येते, मुरडा होतो, गोळा उठतो. बोट ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, कमरेतून तिडीक निघून पायाच्या टाचेपर्यंत जाते. हाताला रग लागते, पायाला मुंग्या येतात, डोळे चुणचुणतात, डोके भणभणते. शब्दकोशात या साऱ्यांचा अर्थ 'वेदनेचा एक प्रकार' एवढाच सापडेल. चांगल्या डॉक्टरला मात्र यातला प्रत्येक शब्द वेगळी दिशा दाखवतो. ठसठसणाऱ्या बोटात पू धरला असावा, अशी शंका त्याला येते. कळ येऊन ओसरते आणि पुन्हा येते, म्हणजे आतडे किंवा गर्भाशय यांसारखा पोकळ अवयव आकसतो आहे. मुरडा म्हणजे मोठ्या आतड्याचे दुखणे. टाचेपर्यंत जाणारी तिडीक म्हणजे कमरेत दबलेली शीर. रुग्ण निदानाचा अर्धा रस्ता आपल्या शब्दांनी दाखवून देतो. ते शब्द समोरच्याला कळले पाहिजेत, एवढीच अट असते.

ही अट आपल्या मुलखात कशी पाळली गेली आणि कशी मोडली गेली, हे या लेखात पाहायचे आहे. विषय वैद्यकीय शाळांच्या स्थापनेचा आहे. साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत तो कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की या शाळांच्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न भाषेचाच होता, आणि आपण, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे, त्या प्रश्नाच्या अगदी मधोमध उभे होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पुस्तक वाचून वैद्य होता येते, ही समजूत युरोपातही फार काळ होती. प्राध्यापक आसनावर बसून ग्रंथ वाचून दाखवीत आणि विद्यार्थी ऐकत. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडेन येथे बूरहाव्हे या वैद्याने विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवण्याची पद्धत रूढ केली. त्याच्याकडे खाटा होत्या अवघ्या १२. सहा पुरुषांसाठी, सहा स्त्रियांसाठी. पण त्या बारा खाटांची कीर्ती युरोपभर झाली. रुग्णाला विचारावे, तपासावे, रोज त्याची नोंद ठेवावी आणि तो दगावलाच तर शवविच्छेदन करून आपले निदान पडताळून पाहावे, असा हा क्रम. यालाच आपण 'क्लिनिकल' शिक्षण म्हणतो. त्यासाठी शाळा आणि रुग्णालय एकमेकांना जोडलेली असावी लागतात. आणि या क्रमातली पहिलीच पायरी आहे विचारण्याची, म्हणजे बोलण्याची.

एकोणिसाव्या शतकात ही पद्धत आपल्याकडे आली. १८४२ ते १८४६ या अवघ्या चार वर्षांत आपल्या परिसरात तीन शाळा उभ्या राहिल्या: पणजीला, मुंबईला आणि हैदराबादला. पहिलीची भाषा पोर्तुगीज, दुसरीची इंग्रजी आणि तिसरीची उर्दू. तिघींपैकी एकीचीही भाषा मराठी वा कोंकणी नव्हती.

गोव्याची शाळा ५ नोव्हेंबर १८४२ रोजी, गव्हर्नर काँद दास आंतास यांच्या कारकिर्दीत स्थापन झाली. त्याआधीही गोव्यात पोर्तुगीज वैद्य अधूनमधून विद्यार्थ्यांना शिकवीत असत. नाव 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका'. लिस्बन आणि पोर्तु येथील अशाच शाळांना १८३६ मध्ये हेच नाव मिळाले होते. गोव्याची शाळा त्यांच्या धर्तीवर घडवलेली. ती रुग्णालयाला जोडलेली होती आणि तिथे वैद्यकाबरोबर औषधनिर्माणही शिकवले जाई.

या शाळेने शंभराहून अधिक वर्षे डॉक्टर घडवले. ते गेले कुठे? पुष्कळसे मोझांबिकला, अंगोलाला आणि पोर्तुगीज साम्राज्याच्या इतर वसाहतींत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लष्करी ठाण्यांना आणि दवाखान्यांना डॉक्टर हवे होते, आणि पोर्तुगालमधून तिथे जायला फारसे कोणी तयार नसे. ती उणीव गोमंतकीय पदवीधरांनी भरून काढली. गंमत अशी की ज्या साम्राज्यासाठी ते समुद्र ओलांडत, त्याच्या मूळ भूमीत त्यांच्या पदवीला पूर्ण मान नव्हता. तिथे व्यवसाय करायचा तर पुन्हा शिकावे लागे. आणि पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या शेतकऱ्याचे काय? त्याच्या दारी वैद आणि सुईण हीच होती. पोर्तुगीज येणाऱ्या, मुख्यतः ख्रिस्ती घरांतल्या मुलांना ही शाळा जवळची. नव्या काबिजादीतल्या हिंदू खेड्यांना ती दूरची. अंतराने तितकी नाही जितकी भाषेने.

शाळेवर हा ठपका कायमचा ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. विसाव्या शतकात तिच्यातून फ्रोइलानु दि मेलो यांच्यासारखे जंतुशास्त्रज्ञ पुढे आले. ते पुढे तिचे संचालकही झाले. मकाझन येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. गोव्याच्या खेड्यातला रोग हाच आपल्या अभ्यासाचा विषय, असे शाळेने मानले तेव्हा ती त्या भूमीची झाली. तिला तिथवर यायला सुमारे ऐंशी वर्षे लागली.

आता मुंबईकडे वळू. तिथे भाषेचा प्रश्न आधीच एकदा विचारला गेला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८२६ मध्ये मुंबईत एक 'नेटिव्ह मेडिकल स्कूल' निघाले होते. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. देशी भाषांतून वैद्यक शिकवावे हा तिचा हेतू, आणि त्यासाठी त्यांनी वैद्यकीय पुस्तके मराठीत आणि गुजरातीत उतरवून घेतली. सहा वर्षांत, १८३२ मध्ये, ही शाळा बंद करण्यात आली. कलकत्त्यातही असेच झाले. तिथे १८२२ पासून चाललेली देशी भाषांची वैद्यकीय शाळा १८३५ मध्ये मोडली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज आले. तेव्हापासून 'खरे' वैद्यक इंग्रजीतच, असा निवाडा झाल्यासारखा झाला.

म्हणून १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा माध्यमावर वाद उरला नव्हता. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ हे कॉलेज उभे राहिले. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय झाले, आणि डॉ. चार्ल्स मोरहेड यांनी दोहोंची अशी सांगड घातली की विद्यार्थ्याचा दिवस वर्गापेक्षा वॉर्डात अधिक जावा. मोरहेडांनी याच खाटांवरच्या नोंदींतून १८५६ मध्ये भारतातील रोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. त्यात आठ जण होते. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग तर्खडकर त्यांतलेच, आणि काही आडनावे पोर्तुगीज वळणाचीही होती.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडणे महालातील मांद्र्याचे. वडील त्यांना घेऊन मुंबईला आले आणि मुलगा इंग्रजीतून शिकला. गोव्याची शाळा १८४२ मध्ये उघडली तेव्हा हे गोमंतकीय घर केव्हाच मुंबईकर झाले होते. आपल्या कितीतरी घरांची कहाणी अशीच नाही का? ज्या गावी शाळा, तिथली भाषा वेगळी. जी भाषा येते, तिची शाळा दुसऱ्या गावी. भाऊ दाजींनी इंग्रजी वैद्यक पूर्ण आत्मसात केले, पण देशी औषधींकडे पाठ फिरवली नाही. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. ज्याला वैद्याची भाषाही कळते आणि कॉलेजचीही, अशा माणसालाच असे काम सुचते.

मुंबईने पुढे भाषेचा प्रश्न दुसऱ्यांदा हाती घेतला. इंग्रजी पदवीधर शहरात राहतो, तालुक्याच्या दवाखान्याला माणूस मिळत नाही, हे लवकरच उघड झाले. तेव्हा १८६१ मध्ये ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग उघडण्यात आले. १८७० च्या दशकात या शिक्षणाच्या स्वतंत्र शाळा पुण्यात आणि अहमदाबादेत झाल्या. बैरामजी जीजीभाई यांचे नाव दोन्हींना लागले. मराठीत शरीरशास्त्र, औषधे, प्रसूतिविद्या यांवर पुस्तके होऊ लागली. ग्रँट कॉलेजात शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी प्रसूतिविद्येवर मराठीत लिहिले. एवढ्या सगळ्यावरून वाटावे की प्रश्न सुटला.

तो सुटला नाही, आणि कशामुळे सुटला नाही हे नीट पाहण्यासारखे आहे. मराठीतून शिकलेला मनुष्य 'हॉस्पिटल असिस्टंट' झाला, डॉक्टर झाला नाही. त्याचा पगार कमी, हुद्दा खालचा, आणि वर चढण्याची वाट जवळजवळ बंद. खेड्यापाड्यांतले रुग्ण प्रत्यक्षात तोच पाहत असे. 'मुरडा' आणि 'कळ' यांतला फरक त्यालाच ठाऊक असे. पण ज्ञानाच्या उतरंडीत तो तळाशी होता. रुग्णाची भाषा जाणणे ही पात्रता न ठरता दुय्यमपणाची खूण ठरली. मराठी माध्यमाच्या या वर्गाचे यश आणि अपयश एकाच वाक्यात सांगायचे तर असे सांगता येईल: त्याने खेड्याला दवाखाना दिला, पण मराठीला वैद्यकाची प्रतिष्ठा दिली नाही. पुढे या शाळांतही इंग्रजी आली आणि मराठी पुस्तके कपाटात गेली.

तिसरी शाळा हैदराबादची. निजाम नासिर-उद-दौला यांच्या काळात, १८४६ मध्ये, रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांनी ती सुरू केली. रेसिडेंट जनरल फ्रेझर यांचा तिला पाठिंबा होता. इथे एक धाडसी निर्णय झाला: शिक्षण उर्दूत. त्या वेळी संस्थानचा दरबारी कारभार फारसीत चाले. उर्दूला राजभाषेचा मान मिळायला अजून सुमारे चार दशके होती. म्हणजे बाजारात आणि छावणीत बोलली जाणारी भाषा मॅक्लीन यांनी वर्गात आणली. मुंबई-कलकत्त्यात 'देशी भाषेत वैद्यक शिकवता येत नाही' असे ठरलेले असताना हैदराबादेत ते शिकवले जात होते, आणि ही गोष्ट चाळीस वर्षे चालली. १८८५ च्या सुमारास डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या काळात माध्यम इंग्रजी झाले. त्याच लॉरी यांनी क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेबद्दल १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग चालवले. दुसऱ्यासाठी निजामाने खर्च केला आणि लंडनहून 'लॅन्सेट'ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना धाडले. प्रांतातल्या एका शाळेत जगाच्या वैद्यकाचा वाद तपासला गेला, ही साधी गोष्ट नव्हे.

उर्दूची गोष्ट तिथे संपली नाही. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमाचे. त्याच्यासाठी 'दार-उल-तर्जुमा' हे भाषांतर खाते उघडून विज्ञानाची शेकडो पुस्तके उर्दूत आणली गेली आणि पुढे वैद्यकही उर्दूत शिकवले गेले. १९४८ नंतर तेही इंग्रजीकडे वळले. देशी भाषेत उच्च वैद्यक शिकवण्याचा आपल्या देशातला हा एक फार मोठा प्रयोग होता, आणि तो आपल्या शेजारी, किंबहुना आपल्या घरात झाला. कारण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे त्याच संस्थानात होते.

या प्रयोगाचे कौतुक करावे, पण त्यातली उणीव झाकू नये. संस्थानात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कानडी बोलत. नांदेडच्या शेतकऱ्याला उर्दू इंग्रजीपेक्षा जवळची होती, हे खरे; पण ती त्याची नव्हती. त्यातही भाषांतरकारांनी पारिभाषिक शब्द घडवले ते बहुतांशी अरबी-फारसी धातूंवरून. वर्गातली उर्दू आणि चारमिनारच्या रस्त्यावरची उर्दू यांत त्यामुळे अंतर पडले. मराठवाड्यातल्या मुलाला तर दोन पायऱ्या चढाव्या लागत: आधी उर्दू शिकायची, मग ती अवघड उर्दू. मराठवाड्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते १९५६ मध्ये, औरंगाबादेत, आणि अर्थातच इंग्रजीत.

इथे आपण, मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी, क्षणभर स्वतःकडे पाहावे. आपणही हीच चूक केली आहे. आपल्या वैद्यकीय पुस्तकांत हगवणीला 'अतिसार' आणि मुरड्याच्या हगवणीला 'प्रवाहिका' म्हणतात. हे शब्द चुकीचे नाहीत, जुने आणि नेमके आहेत. पण खाटेवर पडलेली बाई 'मला प्रवाहिका झाली आहे' असे कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, 'मुरडून मुरडून येतंय, अन्‌ आव पडतेय.' भाषा देशी केली म्हणजे ती रुग्णाची झाली असे नाही. संस्कृतातून घडवलेली मराठी आणि अरबीतून घडवलेली उर्दू या बाबतीत सख्ख्या बहिणी आहेत.

तीन शाळांचा धडा मग काय? माझ्या मते असा. वैद्यकीय शाळेने आपल्या मुलखाचे आरोग्य सुधारायचे असेल तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. शाळेला रुग्णालय जोडलेले हवे, ही पहिली. ती तिन्ही ठिकाणी कमीअधिक साधली. शिकलेला डॉक्टर त्या मुलखात राहायला हवा, ही दुसरी. गोव्यात ती फार काळ साधली नाही. आणि रुग्णाचे बोलणे जाणणाऱ्याला खालचा मानू नये, ही तिसरी. ती मुंबई-पुण्यात फसली, आणि हैदराबादेत अर्धीच साधली. माध्यम कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा खरा, पण तिसऱ्या गोष्टीवाचून तो नुसता झेंड्याचा प्रश्न होतो.

हा केवळ इतिहास नाही. आपली गावे पाहा. इंदूरला १८७८ मध्येच वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४८ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. ग्वाल्हेरला १९४६ मध्ये गजरा राजा महाविद्यालय, बडोद्याला १९४९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय, बेळगावला आणि पणजीला १९६३ मध्ये. गोव्याचे महाविद्यालय आज बांबोळीला आहे आणि पणजीतल्या त्याच्या जुन्या इमारतीत आता चित्रपट महोत्सव भरतो. यांतल्या प्रत्येक ठिकाणी आपली मुले-मुली शिकली आहेत. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांत १८२६ चा प्रश्न पुन्हा चर्चेला आला. त्या पुस्तकांतली हिंदी माळव्यातल्या शेतकऱ्याची की कोशातली, एवढे मात्र विचारावे. मॅक्लेनन यांची शाळा आणि उस्मानियाचा प्रयोग माहीत असणाऱ्याला हा प्रश्न सुचायलाच हवा.

आणि इथे आपल्या वाट्याचे एक काम आहे, ते करण्याजोगे आणि फार खर्चाचे नसलेले. आपल्या घरांना दोन-तीन भाषांत वावरण्याची सवय पिढ्यांची आहे. बेळगावात मराठी-कानडी, बडोद्यात मराठी-गुजराती, हैदराबादेत मराठी-तेलुगू-उर्दू, गोव्यात मराठी-कोंकणी. आपण दुभाषे म्हणूनच जगत आलो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून दुखण्याचे शब्द लिहून काढावेत: कोणता शब्द शरीराच्या कोणत्या भागासाठी, कोणत्या तऱ्हेच्या दुखण्यासाठी, आणि शेजारच्या भाषेत त्याला काय म्हणतात. ही यादी संस्थेने एकत्र करावी, जवळच्या महाविद्यालयातल्या जाणत्या डॉक्टरकडून तपासून घ्यावी, आणि वॉर्डात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. तो विद्यार्थी केरळचा असेल, पंजाबचा असेल; त्याला 'ठसठस' आणि 'चमक' यांतला फरक कोणी सांगितला तर एखादे निदान एक दिवस आधी होईल. गावच्या सुईणींबरोबर आणि जुन्या कंपाउंडरांबरोबर यांतले पुष्कळ शब्द गेले आहेत. उरलेले ज्यांना ठाऊक आहेत त्यांची वये आज ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापर्यंत ठेवू नये. आजच घरी गेल्यावर आजीला विचारावे: "आजी, तुझा गुडघा दुखतो म्हणजे नेमके काय होते गं?" आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे.